शनिवारची बैठक

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे ‘रक्तदाब आणि आपण’ या विषयावर लेख मागितला होता. त्या विषयावर याच पानांतून मी यापूर्वी दोनदा लिहिले आहे, आणि ज्यांनी मीठ कमी करावयाचे होते त्यांनी ते केलेले नाही हे मी आपल्याच कोजागिरीच्या पंक्तीत बसून पाहिले आहे. म्हणून मी त्यांना विषय बदलून मागितला. संपादक थोडे बिचकले. ‘‘डॉक्टरसाहेब, हे घरच्या मंडळींच्याही हातात पडते,’’ असे ते म्हणाले. घरच्या मंडळींच्या हातात पडावे यासाठीच हे लिहीत आहे.

देवासला मी १९८६ साली दवाखाना थाटला. त्यापूर्वीच गावात नोटांचा छापखाना आला होता, पाठोपाठ कारखाने आले होते, आणि पवारांच्या दोन गाद्यांचे हे निवांत संस्थानी गाव आग्रा-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरू लागले होते. कारखान्यांबरोबर अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांबरोबर पार्ट्या आल्या. आम्ही तरुण डॉक्टर मंडळी त्या वर्तुळात आपसूक ओढले गेलो. दिवसभर खोकला, ताप आणि तक्रारी ऐकल्यावर संध्याकाळी चार माणसांत हसावे, कोणी आपल्याला ‘डॉक्टरसाहेब’ न म्हणता नावाने हाक मारावी, यात गैर काय होते? आजही मला त्यात गैर वाटत नाही. प्रारंभी महिन्यातून एक शनिवार असे. पुढे दोन झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक शनिवार ठरलेला असे, आणि बुधवारी ‘सहज’ म्हणून आणखी एक बैठक होई. कधी देवासला, कधी इंदूरच्या बायपासवरील एखाद्या फार्महाऊसवर, पावसाळ्यात मांडवगडावर, आणि वर्षातून तीन-चार वेळा धारला, माझ्या एका शल्यचिकित्सक मित्राच्या वाड्यात. या मित्राविषयी पुढे लिहावयाचे आहे.

बैठकीचा खर्च कोण करीत असे, हेही लिहून ठेवतो, कारण आजच्या तरुण डॉक्टरांना ते ठाऊक असणे बरे. घरची बैठक घरच्या खर्चाने होई. परंतु पुष्कळदा एखादे व्याख्यान असे. पाऊण तास पारदर्शिका, त्यानंतर तीन तास ‘फेलोशिप’. पाहुणे, हॉटेल, पेये, सर्व कोणत्या तरी औषध कंपनीचे. व्याख्यानाचा विषय मला आज एकही आठवत नाही. काजूवर तिखट भुरभुरलेले असे, तेवढे आठवते. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर बंदी घातली. २०२४ मध्ये सरकारने औषध कंपन्यांसाठीही तशी संहिता लागू केली. नियम आले ते चांगलेच झाले. परंतु आम्हांला ग्लास हातात घेण्यासाठी कंपनीची गरज होती असे मात्र कोणी समजू नये.

आता त्या रात्रीविषयी. डिसेंबर २००३ मधला शनिवार होता. इंदूरच्या वाटेवर एका मित्राच्या फार्महाऊसवर आम्ही दहा-बारा जण शेकोटीभोवती बसलो होतो. माझ्या नर्सिंग होममध्ये दुपारी एकोणीस वर्षांची एक मुलगी दाखल झाली होती. मधुमेह असल्याचे घरात कोणास ठाऊक नव्हते. उलट्या, जोराचा श्वास, श्वासाला तो आपल्या परिचयाचा गोडसर वास. केटोअ‍ॅसिडोसिस. सलाईन चालू केले, इन्सुलिन सुरू केले, पोटॅशियम तपासावयास पाठविले, संध्याकाळपर्यंत मुलगी बोलू लागली, आणि मी समाधानाने निघून गेलो. रात्री साडेदहा वाजता सिस्टरांचा फोन आला. साखरेचा नवा आकडा आला होता, पुढचा डोस किती द्यावयाचा? मी सांगितले. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारले, ‘‘सर, चार या चालीस?’’

मी ‘चाळीस’ म्हणालो होतो. शिरेतून.

डॉक्टर वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो की दर तासाला चार-पाच युनिट देऊन साखर हळूहळू खाली आणावयाची असते. चाळीस युनिट एकदम शिरेत गेले असते तर साखर आणि पोटॅशियम दोन्ही कोसळली असती, आणि थंडीच्या त्या रात्री, दोन वाजता, झोपलेली समजून त्या मुलीकडे कोणी पाहिलेही नसते. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीलीटरला चाळीस युनिट असतात, म्हणजे ती चूक पिचकारीत भरावयास अवघे एक मिलीलीटर पुरले असते. मी ‘चार’ म्हणालो, फोन ठेवला, आणि पुन्हा शेकोटीजवळ जाऊन बसलो. ग्लासमध्ये तिसरा पेग होता. तो मी संपविला. हे लिहिताना आज लाज वाटते, परंतु तो संपविला हे खरे आहे. मुलगी पाचव्या दिवशी चालत घरी गेली. तिच्या वडिलांनी पेढे आणले आणि माझ्या पायाला हात लावला.

त्यानंतर मी बैठकीस गेलो नाही. प्रतिज्ञा वगैरे काही केली नाही. पुढच्या शनिवारी फोन आला तेव्हा अ‍ॅसिडिटी झाली आहे असे सांगितले. त्यापुढच्या शनिवारीही तेच सांगितले. डॉक्टराची अ‍ॅसिडिटी एवढी लांबत नाही हे सर्वांना कळत होते. कोणी म्हणाले, वहिनींनी दम दिला. कोणी म्हणाले, इंदूरच्या एखाद्या बुवाच्या नादी लागला. एकाने माझे नाव ‘तुकाराम’ ठेवले. खरे कारण मी कोणासही सांगितले नाही. सौ.लासुद्धा सहा-सात वर्षांनी सांगितले.

मद्य सोडणे मला तुलनेने सोपे गेले, कारण मी रोज पिणारा नव्हतो. सोडणे अवघड गेले ते संध्याकाळचे. सात ते दहा हे तीन तास अंगावर येत. घरात कोणास माझी सवय नव्हती. मुलगा अभ्यास करी, मुलगी फोनवर, सौ. तिच्या भजनी मंडळात. मी मध्येच दिवाणखान्यात बसलो की सगळे जरा अवघडत, पाहुणा आल्यासारखे. रुग्ण पाठविणारे दोन-तीन स्नेही हळूहळू दुसरीकडे रुग्ण पाठवू लागले. त्यांचा दोष नाही. ज्याच्याबरोबर उठणे-बसणे, त्याच्याकडे चिठ्ठी, हा आपल्या व्यवसायातला जुना शिरस्ता आहे. बैठक मोडल्याचा हिशेब असा पैशातही चुकवावा लागतो, हे मला तेव्हा कळले. मग मी फिरावयास जाऊ लागलो. देवासला फिरावयास म्हणजे टेकडी. चामुंडेच्या टेकडीला वळसा घालणारी वाट, आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’.

पं. कुमार गंधर्वांचे ते घर. देवासकरांस कुमारजींविषयी सांगणे म्हणजे नर्मदाकाठच्या माणसास पाण्याविषयी सांगणे होय, हे मला ठाऊक आहे. परंतु आपण त्यांच्याकडे गवई म्हणून पाहतो. मला त्या दिवसांत ते एक रुग्ण म्हणून दिसू लागले.

८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बालवयातच मैफली जिंकू लागले. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्यांस त्याच वयात मिळाले. अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबई गाठली, प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले, आणि विशीत पोहोचेपर्यंत तेव्हाच्या मुंबईच्या संगीतविश्वातील ते लाडके तरुण झाले. १९४७ मध्ये भानुमतीबाईंशी विवाह झाला. आणि नेमक्या त्याच सुमारास क्षयाने गाठले. वय तेवीस. १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी ते माळव्यात, देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. सुमारे पाच वर्षे हा माणूस अंथरुणावर होता. आजूबाजूला मुंबई नव्हती, टाळ्या नव्हत्या, तंबोरा नव्हता. भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवीत आणि घरी येऊन शुश्रूषा करीत.

हे ऐच्छिक निवृत्त जीवन नव्हते, हे आधी स्पष्ट करतो. ‘कुमारजींनी झगमगाट सोडून शांततेचा मार्ग पत्करला’ अशी वाक्ये आपल्या सभांतून ऐकू येतात. त्यांनी काही सोडले नाही. त्यांच्या हातून सर्व काढून घेतले गेले होते. दुसरे असे की देवासच्या हवेने त्यांचा क्षय बरा झाला, असे आपण गावकरी अभिमानाने सांगतो. वैद्यक शिकलेला माणूस म्हणून मला ते म्हणवत नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची प्रसिद्ध चाचणी १९४८ मध्ये छापली. कुमारजींपर्यंत ते औषध १९५२च्या सुमारास पोहोचले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले. तोवर एक फुप्फुस निकामी झाले होते. पुढे १९५९ मध्ये मद्रासच्या क्षय संशोधन केंद्राने तर दाखवूनच दिले की औषधे नीट घेतली तर चाळीतल्या खोलीत राहणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. म्हणजे थंड हवा, दूध-अंडी, लांब व्हरांड्यातली विश्रांती, ज्यावर आपल्या आधीच्या दोन पिढ्यांच्या वैद्यकाने एवढी श्रद्धा ठेवली, तिचा जंतूंवर फारसा परिणाम होत नव्हता. औषधाने जंतू मेले.

मग त्या पाच वर्षांच्या शांततेने काय केले? माझ्या मते तिने कान घडविले. पडल्यापडल्या जे कानावर येईल ते ऐकण्यावाचून त्यांना दुसरे काही करता येत नव्हते: पाखरे, वारा, रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नघरांतली गाणी, एकतारी घेऊन दारावर येणारे नाथपंथी जोगी. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तेव्हा निर्गुणी भजनांना येथे तोटा नाही. मुंबईत असते तर हे सूर त्यांच्या कानावर पडले नसते असे नाही, परंतु पडले तरी थांबले नसते. पुढे माळव्यातील लोकगीते त्यांनी शेकड्यांनी गोळा केली, लोकधुनांतून उगवलेले राग रचले, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केले, ‘गीतवर्षा’ आणि ‘माळव्याच्या लोकधुना’ यांसारखे कार्यक्रम बांधले. तुटक, उसळत्या सुरांची त्यांची गायकी एका फुप्फुसाच्या मर्यादेतून आली असे पुष्कळ जण मानतात. मला ते स्पष्टीकरण थोडे सोपे वाटते. दम कमी असलेले गवई पुष्कळ झाले. कुमार गंधर्व एकच झाले.

मला या हकिकतीत सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट १९५३ नंतरची वाटते. प्रकृती सुधारल्यावर मुंबईला परत जाता आले असते. पु. ल. देशपांड्यांसारखे स्नेही तिकडे होते, श्रोते होते, पैसा होता. कुमारजी देशभर गायला जात आणि देवासला परत येत. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. त्यानंतरही त्यांनी हे गाव सोडले नाही. पुढे वसुंधराताईंशी विवाह झाला. १२ जानेवारी १९९२ रोजी ते येथेच वारले. पहिली पाच वर्षे आजाराने ठेवले होते. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे ते स्वतः राहिले. सक्तीने मिळालेली शांतता त्यांनी नंतर स्वतःच्या खुषीने निवडली. त्यांनी मैफल सोडली नाही, मैफलीत राहणे सोडले. हा फरक मला माझ्या त्या लांबलेल्या ‘अ‍ॅसिडिटी’च्या दिवसांत टेकडीला फेऱ्या मारताना हळूहळू उमगला. मी मित्र सोडावयास नको होते, बैठकीत राहणे सोडावयास हवे होते. परंतु मी दोन्ही सोडले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी दिली. त्याविषयी शेवटी लिहितो.

त्याच काळात एका कंपाउंडरच्या ओळखीने मी खेड्यातल्या कबीर मंडळ्यांत जाऊन बसू लागलो. माळव्यात हा प्रकार घरोघर आहे. नव्वदच्या दशकात देवासच्या एकलव्य संस्थेने या मंडळ्यांना एकत्र आणून कबीर भजन व विचार मंच चालविला होता. रात्री नऊला तंबोरा, ढोलक, मंजिरा निघतात; मंडळी पहाटेपर्यंत गातात आणि मध्येच थांबून अर्थावरून भांडतात. शेतमजूर, शिक्षक, एखादा बसचालक. मला पहिल्या खेपेस जाणवले की ही आमच्या शनिवारच्या बैठकीचीच सख्खी बहीण आहे. तेच जमणे, तीच रात्र, तीच थट्टा, घरी जाण्याचा तोच कंटाळा. फक्त दुसऱ्या दिवशी डोके दुखत नाही. (चहा भरपूर होतो आणि विडीचा धूर इतका असतो की माझ्यातला छातीचा डॉक्टर अस्वस्थ होतो. संतांच्या संगतीतही फुप्फुसे फुप्फुसेच असतात.)

धारकर वाचक म्हणतील, सगळे देवासचेच चालले आहे. तर मांडवगडाकडे वळू. आम्ही तेथे पावसाळी बैठकींना जात असू तेव्हा जहाज महालाकडे बघून ग्लास उंचावण्याची आमची रीत होती, कारण तो महाल विलासी घियासुद्दीनाचा. नंतर वाचनात आले ते निराळेच. १४६९ मध्ये गादीवर आलेल्या या सुलतानाने लढाया पुरे झाल्या, आता सुखाने राहावयाचे असे जाहीर केले, कारभार मुलावर सोपविला, हजारो स्त्रियांचा जनानखाना वसविला, खाद्यपदार्थांचा ‘नेमतनामा’ हा सचित्र ग्रंथ करविला. परंतु इतिहासकार सांगतात की तो मद्याला शिवत नसे आणि नमाज चुकवीत नसे. मद्याच्या आहारी गेला तो त्याचा मुलगा नासिरुद्दीन. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षे चुकीच्या माणसाच्या नावाने ग्लास उंचावत होतो.

१६१७ मध्ये बादशहा जहांगीर मांडवगडावर सात महिने मुक्कामास होता. बापावर विषप्रयोग केल्याच्या रागाने त्याने याच नासिरुद्दीनाची हाडे उकरून नर्मदेत टाकविली. जहांगीर स्वतः मोठा मद्यपी. परंतु त्याने आत्मचरित्रात एक नोंद केली आहे, ती प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवावी अशी आहे. तरुणपणी तो दिवसाला दुहेरी ऊर्ध्वपातित दारूचे वीस प्याले घेई. हात इतके कापत की प्याला दुसऱ्याने धरावा लागे. तेव्हा हकीम हुमाम याने त्यास स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय हाताबाहेर जाईल. राजपुत्रास असे सांगणे सोपे नव्हते. जहांगिराने ऐकले, दारूत द्राक्षासव मिसळून ती सौम्य केली आणि काही वर्षांत प्याले सहावर आणले. पूर्ण सोडली नाही. शेवटही फारसा चांगला झाला नाही. पण एका वैद्याचा स्पष्ट शब्द मनावर ठसला, हे त्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी किती जण एखाद्या सहकाऱ्यास तो शब्द उच्चारतात?

सोडून जाण्याचा आणखी एक प्रकार देवासने पाहिला आहे. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, ज्यांच्या दरबारी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये सहा महिने खासगी चिटणीस होते, ते संस्थान कर्जात बुडाल्यावर १९३३च्या अखेरीस यात्रेच्या निमित्ताने निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीस जाऊन राहिले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. फॉर्स्टरने त्यांना जवळजवळ संतच मानले. असतीलही. परंतु यात्रेचे निमित्त आणि माझी अ‍ॅसिडिटी यांत मला फार अंतर दिसत नाही.

आता थोडे आपल्या शास्त्राचे, कारण वाचकांत सर्वच डॉक्टर नाहीत. रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने हा लेख वाचून उद्या सकाळी एकदम थांबू नये. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित प्राणही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध घेऊन, थायमिन घेऊन थांबावे. शनिवारीच पिणाऱ्याने निश्चिंत राहू नये: सुट्टीच्या मद्यानंतर हृदयाची लय बिघडण्याचा प्रकार १९७८ पासून ‘हॉलिडे हार्ट’ या नावाने नोंदलेला आहे, आणि मी तो आपल्याच मंडळींत पाहिला आहे. मद्याने झोप चांगली लागते हा समज खोटा आहे. डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्र मोडते. मद्य हे कर्करोगजनक असल्याचे १९८८ पासून मान्य आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरुपद्रवी असे कोणतेही प्रमाण नाही असे सांगून टाकले. ‘हृदयासाठी एक पेग’ हे आम्हीच रुग्णांना सांगत होतो. ते आता आम्हीच परत घेतले पाहिजे.

आणि डॉक्टरसुद्धा या रोगातून सुटलेला नाही. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ १९३५ मध्ये ज्या दोघांनी सुरू केली त्यांतील एक डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सकच होते. पुण्यास १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांसह मुक्तांगण उभे केले, त्या कामामागचा विचार हाच की व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. आपण रुग्णाबाबत हे मानतो. शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याबाबत मानत नाही. त्याला ‘कपॅसिटी आहे’ असे म्हणतो.

धारच्या माझ्या मित्राची ‘कपॅसिटी’ सर्वांत मोठी होती. हात इतका स्थिर की आतड्याचे टाके पाहत राहावे. वाडा मोठा, मन त्याहून मोठे. मी बैठक सोडली तेव्हा सर्वांत जास्त त्याला लागले. तो एकदा मुद्दाम देवासला आला, माझ्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, ‘‘अरे, आमचं काही चुकलं का? तसं असेल तर शिव्या घाल, पण अ‍ॅसिडिटी सांगू नकोस.’’ मी तेव्हा त्याला ती मुलगी, ते चाळीस युनिट, सारे सांगू शकलो असतो. जिभेवर आले होते. परंतु तो नामवंत सर्जन, मी एक फिजिशियन. उद्या बैठकीत ही गोष्ट हसत हसत सांगितली जाईल, असे माझ्या मनात आले. मी म्हणालो, ‘‘नाही रे, खरंच पित्ताचा त्रास आहे.’’ तो उठून गेला. पुढे तो शनिवारचा बुधवार-शनिवार झाला आणि मग रोजचा झाला, हे मला इतरांकडून कळत गेले.

२०१२ च्या पावसाळ्यात त्याच्या मुलाचा फोन आला. मी धारला पोहोचलो तेव्हा तो आरामखुर्चीत बसला होता. डोळे पिवळे, पोट पाण्याने भरलेले, हात कापणारे. डॉक्टराला डॉक्टराने काय सांगावयाचे? त्याने त्या दिवसापासून थेंबही घेतला नाही. पुढचे दीड वर्ष मी दर पंधरवड्यास धारला जाऊन त्याच्याबरोबर संध्याकाळ काढी. गवती चहा, कॅरमचा डाव, त्याच्या बागेतली जुई. वहिनी एकदा चहा ठेवताना सहज म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आधीच येत असतात तर यांना इतरांची गरज पडली नसती.’’ त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी मी त्याला डिसेंबर २००३ ची हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘माझीही अशी एक आहे,’’ आणि ती त्याने सांगितली. ती माझ्याजवळच राहील. ‘‘तेव्हा सांगितली असतीस,’’ एवढेच तो शेवटी म्हणाला. २०१४ च्या जानेवारीत तो गेला.

आमच्या सिस्टर २०१९ मध्ये निवृत्त झाल्या. बत्तीस वर्षे त्यांनी माझ्याकडे काढली. निरोपाचा लहानसा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, पोहे-जिलेबी झाली. सगळे पांगल्यावर मी त्यांना म्हणालो की त्या रात्री तुम्ही ‘चार या चालीस’ विचारले नसते तर मी आज डॉक्टर राहिलो नसतो. सोळा वर्षे हे तुम्हांला सांगावयाचे राहून गेले. त्या माझ्याकडे जरा गोंधळून पाहत राहिल्या.

‘‘कौन सी रात, सर?’’ त्या म्हणाल्या. ‘‘शनिवार को तो मैं हर बार दो बार पूछती थी।’’